दोन सेंटिमीटर

पहिली सहामाही आम्हाला साधं स्टूलसुद्धा काढू दिलं नाही.
मोजा, एवढंच म्हणायच्या स्किरमांते बाई.
दार मोजा. पायरीचा चढ मोजा. खिडकीची कड
जमिनीपासून किती,
आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून किती.
साडेतीनलाच अंधारून येणाऱ्या कौनासच्या डिसेंबरात
मी माझी वीत मोजली: एकोणीस सेंटिमीटर.
मग पाऊल. मग कोपरापासून मधल्या बोटापर्यंत.
आता टेप विसरले तरी माझं अडत नाही.
ट्रॉलीबसच्या थांब्यावर हात आपोआप
बाकाची उंची बघू लागतो
आणि शेजारची बाई जरा सरकून बसते.

मला वाटलं होतं, रंग शिकवतील.
गालिचे, पडदे, दिवे, असं मी आईला सांगून निघाले होते.
म्हणजे उशा मांडायच्या की काय, मामा म्हणाला होता,
आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.
खरं सांगायचं तर
मला उशाच मांडायच्या होत्या.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक खरं घर मिळालं
आणि घरासोबत एक खरा माणूस.
माझ्या वाट्याला झेनोनास आजोबा:
चौथा मजला, लिफ्ट नाही,
कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या भिंती,
सतरा चौरस मीटरांत त्रेपन्न वर्षं.
कागदावर खोली काटकोनात होती.
टेप लावला तर एका टोकाला दोन सेंटिमीटर जास्त.
पुन्हा मोजलं. पुन्हा दोन.
राहू दे पोरी, आजोबा म्हणाले,
कपाट तिथे कधीच नीट बसलं नाही.
ब्रोन्या त्या फटीत कागदाची घडी सारायची
आणि दर ईस्टरला नवी घालायची.

मी आठ रात्री जागून ती खोली उजळली.
फिकट ओक. भिंतीत लपणारा पलंग.
कोपऱ्यात कुंडी, कुंडीत ऑलिव्हचं झाड,
जणू नेमुनास नदी गोठतच नाही.
खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती, ती मी खोडून टाकली.
वाटेत येत होती.

स्किरमांते बाईंनी चित्र बराच वेळ बघितलं.
हा माणूस नखं कुठे काढतो, त्यांनी विचारलं.
वर्ग हसला. मोतियेयुस सगळ्यांत मोठ्याने,
त्याची पाळी माझ्यानंतर होती.
रात्री उठला तर हात कुठे टेकवतो?
कोणाची वाट बघतो, आणि कुठून?
मला यातलं काही येत नव्हतं.
कपाटाची खोली येत होती, मिलिमीटरपर्यंत.

परत गेले, टेप न घेता.
आजोबांनी चहा केला. मी बघत बसले.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर एका जागी
रंग उडून लाकूड उघडं पडलेलं, हाताएवढं.
त्याखाली वीतभर अंतरावर आणखी एक, लहान.
ती बुटकी होती, ते म्हणाले, आणि बिस्किटं पुढे केली.
माझ्या नकाशात ती चौकट नवी होती. पांढरी.

नवा नकाशा केला. चौकट राहिली, खुर्ची राहिली.
दहापैकी सात मिळाले,
कारण दिव्याचं बटण मी दाराच्या मागे काढलं होतं.

सात चालले असते.
पण मेमध्ये नकाशाची प्रत द्यायला गेले तेव्हा
आजोबांनी चष्मा पुसून कागद उलटसुलट बघितला
आणि विचारलं, मग कामगार कधी येणार?
हे मला दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.
हा फक्त अभ्यास होता, आजोबा, मी म्हणाले.
अभ्यास, ते म्हणाले. अस्सं.

ईस्टर होऊन गेला होता. फटीतली घडी जुनीच होती.
मी माझ्याकडची दुसरी प्रत काढली, घडी घातली,
आणखी एक घातली, कपाट खांद्याने रेटलं.
कागद जाड. आत जाईना.
आजोबा उठले, खुर्चीखालून कालचं वर्तमानपत्र काढलं.
हे बरं, ते म्हणाले. हे दबतं.